नव्या वर्षाचा लेखनसंकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की दादरच्या आमच्या छोट्या लेखनगटात नवी माणसं यायला लागतात. कुणी बँकेत असतं, कुणी शाळेत शिकवत असतं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणी अजून कॉलेजात. यंदा काहीतरी लिहायचंच, असं प्रत्येकाच्या मनात असतं आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

नव्या वर्षाचे संकल्प मोडतातच. मग लेखनाचा तरी कशाला करायचा?

मोडतात ते संकल्प एकदा नीट पाहा. "यंदा माझं पुस्तक येणार." "यंदा मोठ्या दिवाळी अंकात कथा छापून येणार." "यंदा रोज लिहिणार." पहिल्या दोन गोष्टी प्रकाशक आणि संपादक ठरवतात. तिसरी तुमच्या हातात आहे, पण तिला शेवट नाही. ती पूर्ण झाली असं कधी म्हणताच येत नाही, आणि एक दिवस चुकला की मोडली मात्र जाते.

टिकतो तो संकल्प, ज्यातून एक वस्तू तयार होते. "पाऊस सुरू होण्याआधी एक कथा शेवटच्या ओळीपर्यंत लिहून दोन माणसांना वाचायला देईन." एवढा छोटा आणि एवढा स्पष्ट. गटात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाकडे आमचा एकच आग्रह असतो: या वर्षात एक तरी गोष्ट पूर्ण करा. सुरुवाती सगळ्यांकडे असतात. पहिली तीन पानं सुंदर असलेल्या वह्या मुंबईतल्या घराघरांत सापडतील. पण शेवट लिहायला बसल्यावरच कळतं की सुरुवात चुकीच्या जागी झाली होती, की ज्या माणसाची गोष्ट आपण सांगत होतो त्याची ती नव्हतीच, शेजारच्या बाईची होती. अर्धवट खर्ड्यावर कुणी मत देऊ शकत नाही, तो संपादकाला पाठवता येत नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचं पुनर्लेखन करता येत नाही. लेखन शिकायचं असतं ते पुनर्लेखनात.

रोज किती शब्द लिहावेत?

नोकरी-संसार सांभाळून लिहिणाऱ्याला आम्ही दोनशे सांगतो. वहीचं एक पान, थोडं कमी-जास्त. आठवड्यातले पाच दिवस लिहिलंत तर आठवड्याला १,००० शब्द होतात. म्हणजे ३,००० शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा तीन आठवड्यांत हातात येतो. वर्षातले ५० आठवडे हे जमलं तर ५०,००० शब्द होतात, आणि ती एका छोट्या कादंबरीची लांबी आहे.

काही जण नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द लिहिण्याच्या त्या प्रसिद्ध अमेरिकन उपक्रमाबद्दल विचारतात. नॅनोरायमो १९९९ मध्ये सुरू झाला आणि तो चालवणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यात दिवसाला साधारण १,६६७ शब्दांचा हिशेब असे. तो आकडा इंग्रजीचा आहे. मराठीत "घरासमोरच्या" हा एकच शब्द मोजला जातो, तिथे इंग्रजीत चार-पाच लागतात. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा अंगावर घेऊ नका. शिवाय नोव्हेंबर हा आपल्याकडे फराळाचा, पाहुण्यांचा आणि दिवाळी अंक वाचण्याचा काळ आहे.

शब्द मोजणं ज्यांना जाचतं त्यांनी वेळ मोजावा. पंचवीस मिनिटं वहीसमोर बसायचं, या वेळेत दुसरं काही करायचं नाही. काही सुचलं नाही तरी बसायचं. तो दिवस भरला असं समजायचं.

पण वेळच नाही. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात.

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि तो खरा आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीला किंवा विरारहून चर्चगेटला रोज येणाऱ्या माणसाला "पहाटे चारला उठून लिहा" असं सांगणं निर्दयपणाचं आहे. तो कदाचित पाचला उठून डबा भरतच असतो.

लोकलमध्ये लिहिता येतं का? पनवेल किंवा विरारसारख्या सुरुवातीच्या स्थानकावरून बसायला मिळत असेल तर येतं. आमच्यातल्या एक ताई हार्बरवर बसून फोनवर अख्खे परिच्छेद लिहितात. पण सकाळी आठ-सव्वाआठच्या जलद गाडीत, एक हात कडीला आणि दुसरा बॅगेवर असताना, लिहिण्याचा संकल्प करू नका. तो मोडेल आणि दोष तुम्ही स्वतःला द्याल. गर्दीच्या गाडीत विचार मात्र उत्तम होतो. म्हणून घरून निघताना एकच प्रश्न घेऊन निघा: आज माझ्या कथेतली ही बाई भावाला फोन करेल की नाही? केला तर आधी काय बोलेल? उतरल्यावर, पूल चढायच्या आधी, बाजूला उभं राहून फोनच्या नोंदीत दोन ओळी टाका. रात्री लिहायला बसाल तेव्हा कोरं पान समोर नसेल. पंचवीस मिनिटांतली पंधरा "कुठून सुरू करू" यातच जातात, ती वाचतात.

दुसरी जागा म्हणजे जेवणाची सुट्टी. फोर्ट, नरिमन पॉइंट, परळ किंवा बीकेसीत काम करणाऱ्यांनी आठवड्यातले दोन दिवस जेवण पंधरा मिनिटांत उरकून उरलेला वेळ वहीला द्यावा. सगळे दिवस नको, सहकाऱ्यांशी बोलणंही हवंच. लिहिणाऱ्याला तर जास्तच हवं.

गृहिणींचं वेळापत्रक याहून अवघड असतं, कारण त्यांच्या कामाला सुट्टीच नसते आणि "घरीच तर आहेस" हे वाक्य कायम तयार असतं. इथे आमचं मत ठाम आहे: घरात जाहीर सांगा. "दुपारी तीन ते साडेतीन मी लिहिणार आहे, त्या वेळात मला हाक मारायची नाही." गुपचूप लिहिलेल्याला घरातलं कुणीही मध्येच उठवतं. जाहीर केलेली वेळ हळूहळू पाळली जाते. पहिला महिना जड जातो.

घरात लिहायला जागा नाही. वन रूम किचनमध्ये पाच माणसं.

मग घराबाहेरची जागा संकल्पातच लिहून ठेवा, म्हणजे "शनिवारी सकाळी अमुक ठिकाणी दोन तास" असं. मुंबईत अशा जागा आहेत, लोक त्या विसरले आहेत एवढंच. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला त्यांची मुख्य वास्तू आहे आणि तिथला संदर्भ विभाग लिहिणाऱ्याला मोठा आधार देतो. दादरला सार्वजनिक वाचनालय आहे. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, मागे बाग असलेली. तिथेच पुढे हॉर्निमन सर्कलजवळ टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. सभासदत्वाचे नियम आणि वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या, त्या जाऊन विचाराव्यात.

याशिवाय वॉर्डावॉर्डात अभ्यासिका आहेत. तिथे स्पर्धा परीक्षांची मुलं बसलेली असतात, आणि त्यांच्या शेजारी बसून कथा लिहायला कुणी मनाई करत नाही. समोरचा मुलगा चार तास मान वर करत नाही हे पाहून आपलीही मान खाली राहते.

वर्षाचं वेळापत्रक कसं आखायचं? बारा महिन्यांचे बारा भाग करू का?

नका करू. कारण मुंबईतल्या मराठी माणसाचं वर्ष असं सारखं वाटलेलं नसतंच. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आणि ऑफिसात इयर एंडिंग. मे महिन्यात गाव. जून-जुलैत गाड्या बंद पडतात, कपडे वाळत नाहीत, घरात कुणीतरी आजारी असतं. गणपतीत कोकणात जाणं, ते जमलं नाही तर इथे घरी येणंजाणं. मग नवरात्र, दिवाळी. हे सगळं आधी कॅलेंडरवर लिहा आणि त्या आठवड्यांवर काट मारा. उरलेले आठवडे तुमचे. ते कमी दिसतील, पण ते खरे असतील.

आता दुसरी गोष्ट. मराठी लेखनाचं स्वतःचं असं एक वर्ष आहे आणि ते दिवाळी अंकाभोवती फिरतं. का. र. मित्र यांनी इथेच मुंबईत 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून ही चाल आहे. आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. मराठी कथेला एवढा मोठा बाजार दुसऱ्या कुठल्या महिन्यात मिळत नाही. पण अंक दिवाळीला येतो म्हणून कथा सप्टेंबरात पाठवून चालत नाही. संपादकांकडे साहित्य उन्हाळ्यापासून जमायला लागतं आणि पावसाळ्यात अंक बांधला जातो. सप्टेंबरात पोचलेली चांगली कथाही "पुढच्या वर्षी बघू" म्हणून बाजूला पडते.

म्हणजे उलटं मोजा. जूनच्या मध्यावर कथा पाठवायची असेल, तर मेच्या शेवटी ती पक्की हवी. त्याआधी दोन वाचकांनी ती वाचायला हवी, त्यांना पंधरा दिवस द्या, कारण तीही माणसं आहेत. त्यांच्या मतांनंतर पुनर्लेखनाला दोन-तीन आठवडे. वाचकांच्याही आधी खर्डा महिनाभर कपाटात पडून राहायला हवा, कारण काल लिहिलेलं आज वाचताना आपल्याला वाक्यं दिसत नाहीत, आपला हेतूच दिसतो. असं मोजत मागे आलात की पहिला खर्डा मार्चमध्येच संपायला हवा असं दिसतं, आणि मार्च तर परीक्षांचा आणि इयर एंडिंगचा, म्हणून फेब्रुवारीची अखेर धरा. म्हणजे जानेवारीचा संकल्प फार दूरचा नाहीच. तो आठ आठवड्यांचा आहे.

फेब्रुवारीत एक आपसूक मुक्कामही आहे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी शहरभर कार्यक्रम असतात. आम्ही गटात त्या दिवसापर्यंत पहिला खर्डा संपवायचा असं ठरवतो. तारखेला स्वतःचा अर्थ असला की ती लक्षात राहते.

जूननंतर काय? जुलै-ऑगस्टमध्ये नवं काही सुरू करायचा अट्टहास नको. नोंदी काढा, वाचा. दिवाळीत अंक वाचा, नुसते चाळू नका. आवडलेल्या एका कथेचा सांगाडा वहीत उतरवून पाहा: गोष्ट कुठल्या क्षणी सुरू होते, काय लपवलं जातं, कधी कळतं. डिसेंबरपर्यंत पुढच्या वर्षाची कथा बहुतेक तुमच्या डोक्यात आलेली असते.

पहिल्याच वर्षी कादंबरीचं ध्येय ठेवू का?

आधी कथा. कादंबरीला हात घातलेल्या नवोदितांपैकी बरेच जण तिसऱ्या प्रकरणात अडकतात आणि मग वर्षभर कुठलंच लेखन होत नाही. दोन-तीन कथा पूर्ण केलेल्या माणसाला आपला वेग आणि आपली खोड, दोन्ही माहीत असतात. एखादा विषय फारच मागे लागला असेल आणि कथेत मावतच नसेल तर लिहा कादंबरी, पण मग या वर्षाचं ध्येय फक्त पहिला खर्डा एवढंच ठेवा.

मी कविता लिहिते. कवितेला कसलं ध्येय ठरवणार?

महिन्याला अमुक कविता असा आकडा ठेवू नका, त्यातून यमकं जुळवलेल्या ओळी तयार होतात. कवितेचं ध्येय पुनर्लेखनाचं ठेवता येतं. वर्षभरात जे सुचेल ते लिहा, पण त्यातल्या बारा कविता अशा असतील की ज्यांचे निदान चार-पाच खर्डे झाले आहेत. दुसरं ध्येय मोठ्याने वाचण्याचं. प्रत्येक कविता कुणाला तरी ऐकवा. जिथे स्वतःचीच जीभ अडखळते तिथे पेन्सिलीची खूण करा. मुंबईत कवितावाचनाचे छोटे कार्यक्रम सतत होत असतात. तीन महिन्यांतून एकदा ऐकायला तरी जावं, वाचायची संधी त्यातूनच मिळते.

व्हॉट्सॲपच्या गटांवरचे अंगठे आणि फुलं हे मोजमाप धरू नका. ती माणसं प्रेमाने देतात, पण त्यातून कवितेबद्दल काही कळत नाही.

एकांकिका लिहायची आहे. तिचं वर्षही असंच चालतं का?

जरा वेगळं. एकांकिका स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतर रंगतो आणि त्याचा कळस म्हणजे चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई', प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री. तिथे वर्षभरातल्या इतर स्पर्धांमध्ये पहिल्या आलेल्या एकांकिका उतरतात. नवीन वर्षाच्या सुरुवातीलाच ती रात्र येते, तेव्हा नाटक लिहू पाहणाऱ्याने जानेवारीतलं पहिलं काम म्हणून तिकीट काढून ती पाहावी. एका रात्रीत कळतं की रंगमंचावर काय पोचतं आणि काय कागदावरच राहतं.

संहिता मात्र मे-जूनपर्यंत हातात हवी, कारण दिग्दर्शक, मुलं, तालमीची जागा हे सगळं त्यानंतर जमवायचं असतं. आणि तालमीत संहिता बदलते. म्हणून नाटककाराचं ध्येय "एकांकिका लिहिली" इथे संपवू नका. "चार जणांना बसवून मोठ्याने वाचून घेतली" इथे संपवा. सार्वजनिक प्रयोगाआधी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यालाही वेळ ठेवावा.

वाचनाचं वेगळं ध्येय ठेवावं का? "वर्षात पन्नास पुस्तकं" असं?

पन्नासच्या नादात पातळ पुस्तकं निवडली जातात. लिहिणाऱ्याने कमी वाचावं पण दोनदा वाचावं. एकदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा ती कशी केली आहे हे पाहण्यासाठी.

शाळा इंग्रजी माध्यमाची होती. मराठीत लिहायचंय पण शुद्धलेखनाची भीती वाटते.

भीतीने थांबू नका. पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ बघूच नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम एकूण अठराच आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये भर घातलेले चार. आठवड्याला एक नियम उदाहरणांसह वहीत उतरवलात तर मेच्या गावच्या सुट्टीआधी सगळे होतात. अंत्य इकार-उकार दीर्घ असतात हा एकच नियम पक्का झाला तरी लिखाण निम्मं सुधारतं.

भीती बहुतेक वेळा शुद्धलेखनाची नसते, "माझी मराठी खरी आहे का" याची असते. अंधेरीत वाढलेल्या मुलीची मराठी ही मराठीच आहे. तिच्यात हिंदी, गुजराती, इंग्रजी मिसळलेलं असणार. तिच्या आजीच्या मराठीत मालवणी होती, शेजारच्या काकूंच्या मराठीत आगरी. ज्या माणसाची गोष्ट आहे त्याच्या तोंडी त्याची भाषा ठेवा. पुस्तकी मराठी उसनी आणून लिहिलेले संवाद वाचकाला लगेच कळतात.

कागदावर लिहू की मोबाइलवर?

जिथे जास्त लिहून होतं तिथे. पुढेमागे युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल लागेलच, कारण बहुतेक संपादक आता ईमेलवरच मागतात. कागदावर लिहिणाऱ्यांनी टंकलेखनाचा आठवडा वेळापत्रकात धरावा. टाइप करताना दुसरा खर्डा आपोआप होतो, त्यामुळे हे काम शक्यतो स्वतःच करा. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मराठीसाठी बरीच सुधारली आहे, संवाद पकडायला ती चांगली. ज्येष्ठ मंडळींना तिचा फार उपयोग होतो.

आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. पावसात भिजलेला फोन कादंबरी घेऊन जातो.

एआयकडून खर्डा लिहून घेतला तर ध्येय लवकर गाठता येईल ना?

गाठलं जाईल, पण कुणी? तुम्हाला लिहायचं होतं म्हणून तुम्ही संकल्प केलात. शुद्धलेखन तपासायला, एखादी माहिती कुठे शोधावी हे विचारायला साधन वापरा, माहिती मात्र स्वतः पडताळा. वाक्यं तुमची असू द्या. लालबागच्या चाळीत सकाळी नळाला पाणी यायच्या आधी बायका कशा आणि काय बोलतात ते तुम्ही ऐकलेलं आहे. त्यासाठीच वाचक तुमच्याकडे येणार आहे.

कुणाला वाचायला द्यावं? घरच्यांना दाखवलं तर "छान आहे" म्हणतात.

घरच्यांनी छान म्हणावं, त्यांचं ते कामच आहे. वाचक म्हणून दोन माणसं शोधा: एक स्वतः लिहिणारा, एक फक्त वाचणारा. त्यांना "कसं वाटलं" विचारू नका. "कुठे कंटाळा आला? कुठे समजलं नाही? कुठलं माणूस खोटं वाटलं?" असं विचारा. उत्तर आलं की बाजू मांडू नका, लिहून घ्या. दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे काहीतरी नक्की आहे. एकानेच ठेवलं तर आठवडाभर थांबून ठरवा.

गट हवा असेल तर जवळच्या वाचनालयात चौकशी करा, गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाचे कार्यक्रम पाहा. नाहीच मिळाला तर तीन जणांचा काढा. महिन्यातून एक रविवार, प्रत्येकाने आणलेली पाच पानं, एवढ्यावर गट चालतो.

फेब्रुवारीतच संकल्प मोडला. आता?

राहिलेले शब्द भरून काढायचा प्रयत्न करू नका. तीन आठवडे चुकले म्हणून रविवारी ३,००० शब्द लिहायला बसणारा माणूस पुढचे तीन आठवडे वहीकडे बघत नाही. आजपासून पुन्हा दोनशे. ज्या दिवशी सोडलं त्या दिवशी काय झालं होतं ते एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे आजारपण, ऑफिस, की कथेतच अडकलात. तिसरं कारण असेल तर अडचण शिस्तीची नसते, कथेची असते. तो प्रसंग सोडून पुढचा लिहा, किंवा तोच प्रसंग दुसऱ्या माणसाच्या नजरेतून लिहून पाहा.

आणि कधीकधी घरात मरण येतं, नोकरी जाते, लहान मूल येतं. अशा वर्षात लिखाण थांबलं तर ते थांबू द्या. जमेल तेव्हा दिवसाला एक ओळ, तारीख टाकून. त्याचं काय करायचं ते नंतर बघता येतं.

कथा साभार परत आली. मग ध्येय फसलं का?

तुमचं ध्येय कथा पूर्ण करून पाठवायचं होतं. ते झालं. संपादकाकडे जागा मर्यादित असते, त्यांनी त्या विषयावरची दुसरी कथा आधीच घेतलेली असते, किंवा तुमची कथा अजून कच्ची असते. यातलं काय खरं ते बहुतेकदा कळत नाही. परत आल्यावर एकदा वाचा, चूक दिसली तर दुरुस्त करा आणि दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोन अंकांना मात्र पाठवू नका. दोघांनीही घेतली तर तुमचं नाव खराब होतं. उत्तरच आलं नाही तर नम्र ईमेल करून कथा मागे घेतल्याचं कळवा आणि मग पुढे पाठवा.

काहीजण वर्षात किती छापून आलं हे मोजतात. आम्ही किती पाठवलं हे मोजायला सांगतो.

माझी कथा कुणी चोरली तर? पाठवण्याआधी नोंदणी करावी लागते का?

१९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लिहून झालं की हक्क आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो राहतो. नुसत्या कल्पनेला हे संरक्षण नसतं, लिहिलेल्या मांडणीला असतं. तारखेसह ईमेल आणि जुने खर्डे जपून ठेवा. चित्रपट किंवा मालिकेसाठी लिहिणाऱ्यांना अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये सभासद होऊन संहिता नोंदवता येते आणि त्या धंद्यात ती नोंदवावीच.

माझ्याकडे दहा-बारा कथा आहेत. पैसे देऊन पुस्तक काढायचं ध्येय ठेवू का?

आधी त्यातल्या तीन-चार तरी अंकांमधून वाचकांसमोर जाऊ द्या. मग महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची योजना पाहा. हे मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी ते अनुदान देतं. त्याची घोषणा कधी होते यावर वर्षाच्या सुरुवातीपासूनच लक्ष ठेवा आणि हस्तलिखित नीट टाइप करून तयार ठेवा.

स्वतःच्या पैशाने काढायचंच असेल तर काही गोष्टी लेखी घ्या: किती प्रती, कागद कुठला, मुद्रितशोधन कोण करणार, विक्री आणि वितरण नेमकं कोण आणि कुठे करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे कुणी मागितले तर ते कशाचे हे विचारा. आणि मुद्रितशोधनावर काटकसर करू नका.

जुन्या वह्यांत सात-आठ अर्धवट कथा पडल्या आहेत. नवी सुरू करू की त्याच पूर्ण करू?

सगळ्या एका दुपारी सलग वाचा, हातात पेन न घेता. दुसऱ्या दिवशी त्यातली कुठली आठवते ते पाहा. जी आठवते, जिच्यातलं माणूस पुढे काय करतंय याची तुम्हाला अजून उत्सुकता आहे, ती घ्या. बाकीच्यांना हात लावू नका, फेकूही नका. निवडलेल्या कथेचा जुना खर्डा समोर न ठेवता ती पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहा. जुनी वाक्यं समोर असली की माणूस त्यांची डागडुजी करत बसतो. हे काम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा, आणि गटात येणार असाल तर येताना फक्त नवी पानं आणा.